पंगत उठेपर्यंत

"बांगडा आजचाच हाय," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माशाचा कणा दोन बोटांनी अलगद उचलून ताटाच्या कडेला ठेवला. एक काटा मागे राहिला नाही. माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते. निवृत्त झाले तरी हातातलं कसब गेलं नव्हतं. "सूनबाई, तू घेत नायस?"

"घेते की," मी म्हणाले आणि भाकरीचा तुकडा नुसताच चिवडत बसले.

मांडवीच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते हॉटेल. बाहेर रविवारच्या दुपारचं ऊन, समोर समुद्र, टेबलावर सोलकढीचे गुलाबी ग्लास. रत्नागिरीला आलेला पाहुणा अशा जागी बसला की खूश होतो. मी मात्र आतल्या आत धुमसत होते. गणपती गेल्यापासून एकाही रविवारी आमच्या घरात दुपारचा स्वयंपाक झाला नव्हता. मिरकरवाड्याजवळची खानावळ झाली, स्टँडमागची झाली, मारुती मंदिराकडचं आरसे लावलेलं हॉटेल झालं, आणि आता हे. जो माणूस जन्मभर बाहेरचा चहा घेत नव्हता, ड्यूटीवर डबा आणि पाण्याची बाटलीसुद्धा घरून न्यायचा, तो साठी उलटल्यावर खानावळी पालथ्या घालत होता. आणि हे सगळं कधी सुरू झालं, तर मी लग्न होऊन घरात आल्यावर. याचा अर्थ माणसाने काय घ्यायचा?

माझ्या शेजारी माझा नवरा श्रीरंग मान खाली घालून जेवत होता. समोर भाऊ, आणि भाऊंच्या शेजारी माई, माझ्या सासूबाई. माईंनी त्यांच्या ताटाला हातही लावला नव्हता. उजव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर टेकवून त्या आमच्या ताटांकडे बघत बसल्या होत्या.

माईंची ही रीत मला पहिल्याच दिवशी कळली होती. घरातलं शेवटचं माणूस जेवून उठेपर्यंत त्या घास घेत नसत. जुन्या वळणाच्या बायका तशा असतातच. माझी आईही तशीच होती, पण तिला फार भूक लागली की ती ओट्यापाशी उभ्या उभ्या चार घास खाऊन घ्यायची आणि वर हसायची. माईंचं तसं नव्हतं. सगळ्यांचं झालं की भाऊ मोठ्याने 'अन्नदाता सुखी भव' म्हणत, आणि ते शब्द कानावर पडले की मगच माई कमरेला खोचलेला पदर सोडून पाटावर बसत. हॉटेलात चार लोकांत ते म्हणायची भाऊंना लाज वाटायची. ते ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. माईंना ऐकूच जायचं नाही. मग भाऊ त्यांना कोपराने खुणावून म्हणायचे, "झाला आमचा, घे आता." तोवर त्यांचा भात गार होऊन गेलेला असे.

मी मूळची कराडची. श्रीरंग तिकडे शिकायला असताना माझ्या मामांच्या खोलीत भाड्याने राहायचा, तिथून आमचं जमलं. घाटावरची मुलगी कोकणात द्यायची म्हणून आईने डोळ्यांतून पाणी काढलं होतं. "मासे करता येतात का तुला?" एवढंच तिचं म्हणणं. मला येत नव्हते, पण मी शिकणार होते. रत्नागिरीच्या एका शाळेत मला नोकरी लागली. दहाला घर सोडायचं, सहाला परत. आल्यावर बघावं तर स्वयंपाक झाकून ठेवलेला. राहता राहिला रविवार, आणि त्या एका दिवसावर मी डोळा ठेवून होते. माईंच्या हातच्या काळ्या वाटाण्याच्या आमटीचं सगळ्या आळीत नाव होतं. ती आमटी त्यांच्याकडून शिकायची, एकदा स्वतः करून सगळ्यांना वाढायची आणि कोणीतरी म्हणायचं की सुनेच्या हाताला चव आहे. यात मी जगावेगळं काही मागत नव्हते.

पण शाळेला निघण्याआधी बघावं तरी स्वयंपाकघराच्या दारात भाऊ उभे. रोज. कांदा चिरायला भाऊ, नारळ खवायला भाऊ, आमटी उकळली की चमचाभर तळहातावर घेऊन चाखायलाही भाऊच. मी पदर खोचून आत गेले की ते म्हणायचे, "तू र्‍हाऊ दे, सूनबाई. माईचा चाललाय ना."  माई माझ्याकडे बघून मायेने हसायच्या, एखादे वेळी "नलू, बस गो" म्हणायच्या. नलू ही त्यांची धाकटी बहीण. वयामुळे नावं इकडची तिकडे होत असतील, असं मी समजत होते.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी मुगाची उसळ टाकली आणि मीठ शोधायला लागले. मिठाची बरणी जागेवर नव्हती. सगळ्या फळ्या धुंडाळल्या. शेवटी भाऊ आपल्या खोलीत गेले, लोखंडी कपाट उघडलं आणि आतून बरणी काढून आणली. चमचाभर मीठ माझ्या हातावर घातलं आणि बरणी परत आत ठेवून कपाटाला किल्ली लावली.

मी तशीच उभी राहिले. कपाटात लोक दागिने ठेवतात. या घरात सुनेपासून मीठ लपवून ठेवत होते.

मांडवीहून परत आलो त्या दिवशी शेजारच्या काकूंनी तर कंपाउंडवरून विचारूनच घेतलं. "काय गो, परत हॉटेलात? भाऊंना सुनेच्या हातचा रुचत नाय म्हनतात, ता खरा काय?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या संध्याकाळी मी श्रीरंगला सांगितलं, "नाचण्याला एक खोली आहे, मी बघून आले. मला माझी चूल हवी. इथे मिळत नसेल तर तिथे मांडू. दिवाळीच्या आत काय ते ठरव."

"भाऊंशी बोलतो मी," श्रीरंग म्हणाला.

तो बोलला नाही. मूग गिळून बसण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तेव्हा पुढच्या रविवारी मीच विचारायचं असं मी ठरवलं. जिथे नेतील तिथे, जेवता जेवता, सगळ्यांसमोर.

त्या रविवारी गावात सहलीच्या गाड्या आल्या होत्या. मांडवीला बसायला जागा नव्हती. भाऊ आम्हाला घेऊन दोन ठिकाणी फिरले आणि शेवटी पांढऱ्या समुद्राकडे निघाले. तिथे सुगंधाबाई भाटकर नावाच्या बाई आपल्या घरातच खानावळ चालवायच्या. पुढच्या पडवीत दोन लांब टेबलं आणि त्यांच्या दोन्ही अंगांना बाकडी. वेटर वगैरे भानगड नव्हती. बाई आत माशांच्या तुकड्या तळायच्या आणि मधूनमधून बाहेर येऊन वाढायच्या. भाताचं मोठं पातेलं आणि कालवणाचं पातेलं आतल्या दाराशी स्टुलावर ठेवलेली असायची.

"या, भाऊनू," बाई आतूनच म्हणाल्या. "सरकून घ्या, जागा होईल."

एका बाकावर ट्रकवाले तिघे, त्यांच्या पलीकडे कोल्हापूरकडचं एक कुटुंब, आमच्या समोर कॉलेजची दोन पोरं. आम्ही टोकाला बसलो. माई कडेला. त्यांनी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. ओळीने मांडलेली ताटं, ओळीने वाकलेल्या माना. त्यांचा चेहरा एकदम उजळला. गेल्या कित्येक रविवारांत मी त्यांना हॉटेलात अशा खुशीत बघितलं नव्हतं. समुद्राचा वारा लागला असेल, असं मला वाटलं.

ताटं आली. सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी, कालवण. भाऊंनी पहिला घास घेतला आणि मी म्हणाले, "भाऊ, एक विचारू?"

"विचार की."

"माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही का?"

श्रीरंगने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी तो बाजूला सारला.

"घरात सून असताना दर रविवारी तुम्ही आम्हाला लोकांच्या दारात जेवायला आणता. मला ओट्याशी उभं राहू देत नाही. मीठसुद्धा कपाटात ठेवता. शेजारीपाजारी हसतात. मला एकदाच सांगा, मी या घरात राहावं असं तुम्हाला वाटतंय की नाही?"

भाऊंचा हात ताटातच थांबला. "हितं नको, सूनबाई."

"घरी तुम्ही ताकास तूर लागू देत नाही. इथेच सांगा."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागाचं काही दिसेना. उलट कोणीतरी घरातलं भांडं हातातून ओढून घ्यावं तशी त्यांची नजर झाली होती. ते काहीतरी बोलायला गेले आणि सवयीने त्यांनी शेजारी बघितलं. शेजारी माई नव्हत्या.

माई आतल्या दाराशी उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. सुगंधाबाईंचं भाताचं पातेलं त्यांनी कडेवर घेतलं होतं आणि हातात भातवाढी. आम्हाला काही कळेपर्यंत त्या ट्रकवाल्यांपाशी पोचल्यासुद्धा.

"घ्या हां, लाजू नका. आमच्याकडे लाजायचा नाय."

ट्रकवाल्यांना वाटलं, वाढणारी बाईच आहे. त्यांनी ताटं पुढे केली. माईंच्या वाढण्याला बघत राहावं अशी लकब होती. भात ताटात पडायचा तो एका जागी, गोल, बाजूला एक शीत नाही. पुढे कोल्हापूरच्या बाईंनी ताटावर आडवा हात धरला. "नको आजी, झालं आता."

"असा कसा झाला? लांबून आलात. अर्धा तरी घ्या."

कॉलेजच्या पोरांतला एक दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला. माझे कान तापले. आम्ही बोलत होतो ते राहिलं बाजूलाच, आता हा आणखी तमाशा. मी श्रीरंगला म्हणाले, "अरे, माईंना आण ना इकडे." तो उठला नाही. त्याचं तोंड उतरलं होतं. त्यालाही हे नवीन होतं.

"मावशी, जरा मीठ हाय काय?" मिशाळ ट्रकवाल्याने विचारलं.

माईंनी पातेलं खाली ठेवलं, टेबलावरच्या वाटीतलं चिमूटभर मीठ त्याच्या ताटात डाव्या बाजूला वाढलं आणि पातेलं उचललं. दोन पावलं गेल्या. थांबल्या. काहीतरी राहून गेल्यासारखं वळल्या, पातेलं ठेवलं आणि त्याच्या ताटात मीठ वाढलं. पुन्हा निघाल्या. पुन्हा वळल्या. तिसऱ्यांदा त्यांचा हात ताटाशी गेला तेव्हा तो माणूस साधेपणाने म्हणाला, "दिलात, मावशी. मगाशीच दिलात."

"दिला?"

"होय. हा काय."

माईंनी ताटातल्या मिठाच्या ढिगाकडे बघितलं. चिमटीतलं मीठ चिमटीतच राहिलं. शाळेत उत्तर चुकलेलं मूल जसं सगळ्या वर्गाकडे न बघता फक्त पाटीकडे बघतं, तशा त्या उभ्या राहिल्या.  ते हसणारं पोरगं आता ताटात बघून जेवायला लागलं.

माझ्या डोळ्यांपुढे ते लोखंडी कपाट आलं.

भाऊ उठून त्यांच्याजवळ गेले. मीही मागोमाग गेले. "माई, चल. बस जरा," भाऊ हलकेच म्हणाले.

"बसू कशी? पंगत बसलीय, दिसत नाय?" माई चिमटीतलं मीठ परत वाटीत झाडत म्हणाल्या. "श्रीरंगाच्या लग्नाची पंगत. तुमी व्हा बाजूला. व्याह्यांकडे बघा, कोण विचारत नाय त्यांना."

मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तू जरा आत जाऊन बघ गो. नवी नवरी जेवली काय? कोणी तिच्याकडे बघितलान नसेल. घाटावरची पोर हाय, तिला मासे जमायचे नायत. तिच्यासाठी मी पिठला करून ठेवलाय वेगळा, बारक्या टोपात, झाकून. तेवढा तिला दे."

 लग्नाच्या दिवशी रात्री माझ्या ताटात पिठलं-भाकरी आली होती. सगळ्यांना माशाचं जेवण आणि मला पिठलं. ही आपल्याला वेगळी पाडायची तऱ्हा आहे, असं मी तेव्हा मनात धरलं होतं आणि आईला फोनवर सांगितलंही होतं. आता ते पिठलं मला आठवलं. त्यात लसूण होता, आमच्याकडे घालतात तसा.

"देतेस ना?"

"देते, माई."

त्या समाधानाने भाताकडे वळल्या. भाऊ भिंतीला टेकून उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"तुमच्या लग्नाआधीच लागला हाय हा. डोळे दाखवायला म्हणून कोल्हापूरला नेली ती डोळ्यांसाठी नाय. डॉक्टर म्हणाला, विसरण्याचा आजार हाय, वाढत जाणार. मी कोणाला बोललो नाय. श्रीरंगालासुद्धा नाय." त्यांनी माईंकडे बघितलं. "आमटीत तीन-तीनदा मीठ घालते. कोणी चूक दाखवली की दिवसभर कोपरा धरून बसते, जेवत नाय. म्हणून बरणी लपवली. तुझ्यापासून नाय गो, तिच्यापासून. तू ओट्याशी उभी राह्यलीस की तिच्या हातात काय उरणार? आणि ती उभी राह्यली तर तुला कळणार. बाकीचे दिवस मी निभावतो, तू शाळेत असतेस. रविवारचा काय करू, ता सुचेना. म्हणून ह्या खानावळी."

"मला सांगायचं होतंत, भाऊ."

"ह्या घरात तिचा नाव फक्त स्वयंपाकावर हाय. तेवढा तरी शाबूत ठेवायचा होता."

आता माझ्या मनात राग कुठे शोधूनही सापडत नव्हता, आणि मोकळं वाटावं तर तसंही वाटत नव्हतं. 

इकडे माईंचं वाढणं थांबेना. ट्रकवाल्यांचं जेवण झालं होतं, पण दारात आणखी चार माणसं येऊन उभी राहिली आणि माई त्यांना म्हणाल्या, "या, बसा, पानं मांडते." घरची पंगत कधीतरी उठते. खानावळीतली कशी उठणार? माईंचं कपाळ घामाने भिजलं होतं. पातेलं त्या दर दोन पावलांनी कडेवर सावरून घेत होत्या. त्यांच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. भाऊ दोनदा जवळ गेले, दोनदा त्यांनी झिडकारलं. "लोक जेवतायत आणि मी बसू?"

मी आत गेले. सुगंधाबाई तव्यापाशी होत्या, पण दारातून त्यांनी सगळं बघितलेलं दिसत होतं. मी त्यांना चार वाक्यांत सांगितलं. पंगत उठल्याशिवाय माई बसणार नाहीत, आणि ती उठली हे त्यांना कशावरून कळतं तेही सांगितलं. बाईंनी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि त्या पडवीत आल्या.

दारातल्या माणसांना त्या म्हणाल्या, "जेवान संपला हो. तासाभराने या." आतून माशांचा वास सुटला होता, तरी ती माणसं मागे फिरली. मग बाकावरच्या लोकांकडे वळून त्या त्याच आवाजात म्हणाल्या, "आणि तुमी मंडळी, पानावरनं उठताना काय म्हणतात ता आज विसरलात वाटता. आमच्या आजींनी एवढा वाढला तुमाला."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मिशाळ ट्रकवाल्याला मात्र कळलं. तो उठून उभा राहिला. खारट झालेला भात त्याने पानात टाकला नव्हता, सगळा संपवला होता. हात जोडून तो माईंकडे बघत म्हणाला, "अन्नदाता सुखी भव." त्याचे दोन्ही साथीदार उठले आणि तेच म्हणाले. कोल्हापूरच्या बाईंनी आपल्या पोरांना उठवलं. कॉलेजच्या मुलांनी हातातला घास ताटात ठेवला आणि तीही उभी राहिली. माझ्या नवऱ्याने मान वर केली तेव्हा त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. तो म्हणाला. सगळ्यांत शेवटी भाऊ म्हणाले, घरी म्हणायचे तसं, मोठ्याने.

माईंनी पातेलं स्टुलावर ठेवलं. खोचलेला पदर सोडला आणि त्याने कपाळ पुसलं.

"बरी झाली पंगत," त्या म्हणाल्या. "कोणाला काय कमी नाय पडला." मग मला म्हणाल्या, "चल गो, आता आपण बसूया. वाढणाऱ्यांनी शेवटी बसायचा असता."

सुगंधाबाईंनी आम्हा दोघींना गरम भात आणि ताजं कालवण वाढलं. लोक आवाज न करता बाहेर जाऊन हात धुवत होते. माई भुकेल्या होत्या. भराभर जेवत होत्या. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मीठ बरोबर हाय ना?"

"अगदी बरोबर आहे, माई."

घरी येताना मी श्रीरंगला सांगितलं की नाचण्याच्या खोलीला नाही म्हणून कळव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाची बरणी ओट्यावर होती. भाऊंनी ती ठेवली आणि ते पेपर वाचायला गेले. पुढच्या रविवारी आम्ही कुठे बाहेर गेलो नाही. मी पहाटे उठून काळ्या वाटाण्याची आमटी केली आणि पातेलं फडताळात झाकून ठेवलं. नंतर माई उठल्या. त्यांनी आपली आमटी केली, मी त्यांना वाटण वाटून दिलं. त्यांनी घातलं तेवढं मीठ मी घालू दिलं. मग दर रविवारी हेच. वाढायची वेळ झाली की भाऊ बाहेरून हाक मारायचे, "माई, माझा चष्मा कुठे हाय गो?" त्या चष्मा शोधायला गेल्या की मी पातेली बदलायची. त्यांची आमटी परसातल्या माडाच्या बुंध्यात जायची. माडाला मीठ मानवतं, असं भाऊ म्हणायचे. तो माड खरंच चांगला धरला होता.

कितीतरी वर्षं असं चाललं. पुढे माईंना ओटाही ओळखू येईना, तेव्हा मी नुसतं ओगराळं त्यांच्या हातात देऊन त्यांना पातेल्यासमोर उभी करायची. जेवायला आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा की माई, आमटी तुमच्या हातचीच. त्या हसायच्या. सणावाराला सगळी आळी यायची आणि बोटं चाटून जायची. ती चव कोणाच्या हातची होती, हे मी आणि भाऊ, आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. श्रीरंगला पातेल्यांचं माहीत होतं, पण चवीतला फरक त्याला कधी कळला असेल असं मला वाटत नाही.

माई गेल्या त्याच्या तेराव्याला घर भरलं होतं. वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी मीच केली. भाऊंची बहीण, द्वारकाआत्या, चिपळूणहून आली होती. आमटीचा पहिला घास घेतला आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"आता माईच्या हातची आमटी कुठची मिळायला," ती म्हणाली. "ही पन बरी झाली हाय हां, पोरी. पन ती चव माईबरोबर गेली."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी ओगराळं घेऊन तशीच पुढच्या ताटाकडे गेले. पुढचं ताट भाऊंचं होतं. ते जसंच्या तसं होतं. भाऊंनी उजव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर टेकवली होती आणि ते बाकीच्यांच्या ताटांकडे बघत बसले होते.

"भाऊ, घ्या ना," आत्या म्हणाली. "सगळ्यांनी सुरू केलाय."

"सूनबाई बसू दे."

"मी मागाहून बसेन, भाऊ," मी म्हणाले. "पंगत उठू दे आधी."

"मग मी पन मागाहून."

आत्याने पुष्कळ आग्रह केला. भाऊ हलले नाहीत. मी दोनदा फिरवून सगळ्यांना वाढलं, ताक दिलं, पानं उचलली. लोक हात धुऊन ओटीवर गेले. भाऊंचा भात गार होऊन त्यावर साय धरल्यासारखी झाली होती. घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा, एकही घास न घेतलेले भाऊ माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "अन्नदाता सुखी भव," आणि त्यांनी शेजारचा पाट माझ्यासाठी पुढे ओढला.